बक्षीस त्याच चित्राला का? खुल्या कलाप्रदर्शनातल्या पारितोषिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षकांनी निवडलेल्या कामांचं, पण हौशी आणि व्यावसायिक अशा सगळ्यांसाठी खुलं असलेलं प्रदर्शन लागलं, की निकालाच्या दिवसापासून तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही विचारले जातात, काही नुसते चेहऱ्यावर दिसतात. मांडणी, नोंदणी आणि परीक्षकांच्या मागे कागद घेऊन फिरणं ही कामं करताना जी उत्तरं हाती लागली, ती इथे दिली आहेत. प्रत्येक प्रदर्शनाची नियमावली वेगळी असते. इथलं उत्तर आणि तुमची नियमावली जुळली नाही, तर नियमावली खरी.

परीक्षित प्रदर्शन म्हणजे नेमकं काय?

ज्यात पाठवलेलं प्रत्येक काम लागत नाही, ते. आधी निवड होते, मग निवडलेल्यांतून पारितोषिकं ठरतात. ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या रॉयल अकादमीचं उन्हाळी प्रदर्शन 1769 पासून दरवर्षी भरतं आणि त्यात कोणीही काम पाठवू शकतो. पॅरिसचं 'सलाँ' हे प्रदर्शन तर चित्रकाराचं नशीब ठरवायचं. 1863 साली तिथल्या परीक्षकांनी इतकी कामं नाकारली आणि त्यावरून इतकी ओरड झाली, की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. एदुआर माने याचं गवतावरच्या भोजनाचं चित्र तिथेच लागलं. लोक त्याला हसायला गेले, आणि आज तेच चित्र पाहायला रांगा लागतात.

ही गोष्ट नाकारले गेलेले सगळेच सांगतात. त्या प्रदर्शनात खरोखरच सुमार चित्रंही होती, हे मात्र कोणी सांगत नाही.

निवड आणि पारितोषिक एकाच वेळी ठरतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. निवड फोटोवरून होते आणि पारितोषिकं प्रत्यक्ष काम समोर ठेवून ठरतात. बरेचसे गैरसमज या दोन टप्प्यांमधल्या फरकातूनच होतात.

पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. गडद-उजेडाचा ठसठशीत खेळ असलेलं चित्र तिथे लगेच उठून दिसतं. तेच प्रत्यक्षात आलं, की रंग सपाट पडलेला आणि कडा घाईत उरकलेल्या दिसतात. उलट, तळहाताएवढं एखादं मुद्राचित्र (ठशावरून कागदावर छापलेलं चित्र) पडद्यावर कसंबसं निवडलं जातं, पण कागदावर उमटलेली दाबाची खूण आणि शाईची मखमली काळी छटा डोळ्यासमोर आल्यावर ते पहिल्या तिनांत जाऊन बसतं. म्हणून 'निवडीत माझं काम खूप आवडलं होतं म्हणे, मग बक्षीस का नाही' या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: तेव्हा फोटो पाहिला होता, आता काम पाहिलं.

परीक्षक एक असावा की तीन?

दोन्हींत खोट आहे. एकच परीक्षक असेल तर निकालाला चव असते, पण ती त्याची चव असते. तीन असतील तर टोकाच्या आवडीनिवडी एकमेकींना खोडतात. यात एक गंमत दडलेली आहे. समजा, एका चित्राला दहापैकी 10, 4 आणि 4 गुण मिळाले, म्हणजे एकूण 18. दुसऱ्याला तिघांनीही 7 दिले, म्हणजे 21. दुसरं जिंकलं! ते कोणालाच फार आवडलेलं नव्हतं, फक्त कोणाला खटकलंही नव्हतं. नुसत्या बेरजेवर चालणाऱ्या प्रदर्शनात वर्षानुवर्षं 'बरी' चित्रं जिंकतात, त्याचं कारण हे.

म्हणून गुण फक्त चाळणी लावण्यापुरते वापरावेत आणि शेवटची दहा-बारा कामं तिघांनी एकत्र फिरून, बोलून ठरवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याने 10 दिले त्याला 'का' ते सांगायची संधी मिळते. कधी कधी बाकीचे दोघे पुन्हा जाऊन बघतात आणि मत बदलतात.

परीक्षकांना चित्रकाराचं नाव माहीत असतं का?

नसावं. कामावर फक्त क्रमांक असतो. पण सही चित्रातच असते, आणि एखाद्याची शैली ओळखीची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परीक्षकाचा विद्यार्थी, नातेवाईक किंवा भागीदार स्पर्धेत असेल, तर त्या कामापुरतं त्याने बाजूला व्हावं आणि तशी नोंद व्हावी. आयोजक समितीच्या सदस्यांनी आपली कामं 'स्पर्धेबाहेर' म्हणून लावावीत. नियमात असो वा नसो, पुढची कुजबुज त्याने टळते.

परीक्षक प्रत्यक्षात बघतात तरी काय?

परीक्षण कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. पहिली फेरी मुकाट्याने होते. परीक्षक थांबत नाहीत, नुसते चालत जातात. कोणत्या कामापाशी पाय आपोआप अडखळतो, एवढंच त्यांना बघायचं असतं. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या लागतात: हो, नाही, पुन्हा बघू. वेळ जातो तो तिसऱ्या फेरीत, 'पुन्हा बघू'वाल्यांसाठी. एक जण पाच पावलं मागे जाऊन डोळे बारीक करतो, म्हणजे तपशील विरघळतात आणि फक्त उजेड-सावलीची रचना उरते. दुसरी नाक काचेला लागेल इतकी जवळ जाते. मग कोणीतरी दिवा बंद करायला सांगतं, कारण झगमगीत प्रकाशात उठून दिसलेलं चित्र साध्या उजेडात उभं राहतं का, हे तपासायचं असतं. शिल्प असेल तर मागून बघतात. समोरून सुरेख आणि मागून सोडून दिलेलं शिल्प तिथेच बाद होतं.

बोलण्यात जे शब्द येतात ते असे: रचना, रंगांचं नातं, माध्यमावरची पकड, विचाराचा नवेपणा, आणि 'हे काम जे करायला निघालं होतं ते त्याने केलं का'. हा शेवटचा निकष मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. साधं फळांचं चित्रही त्यावर जिंकू शकतं आणि विश्वाच्या उत्पत्तीवरचा भला मोठा कॅनव्हास हरू शकतो. चित्रं मूल्यमापनासाठी समोर येतात तेव्हा मोठा विषय मदतीला येत नाही. फार मोठं शीर्षक तर आड येतं.

आणि हो, चौकटही बघतात. बघत नाही म्हणतात, पण बघतात. काचेच्या आतल्या बाजूला राहिलेला बोटाचा ठसा, एका बाजूला दोन मिलिमीटर तिरका कापलेला माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), कॅनव्हासच्या कोपऱ्यात घडीचा फुगवटा. यासाठी गुण कापले जात नाहीत, पण डोळा तिथे अडकतो आणि चित्रापर्यंत पोहोचायला उशीर होतो.

माझं चित्र अगदी हुबेहूब होतं. पहिलं आलेलं तर अर्धवट सोडल्यासारखं होतं. असं कसं?

हुबेहूब काढणं हे कौशल्य आहे आणि परीक्षक त्याची कदर करतात. पण निवडीपर्यंत पोहोचलेल्या कामांत ते कौशल्य बऱ्याच जणांकडे असतं. तिथून पुढे प्रश्न येतो तो काय ठेवलं आणि काय गाळलं याचा. छायाचित्रातली प्रत्येक सुरकुती सारख्याच निष्ठेने उतरवली, तर बघणाऱ्याने कुठे बघायचं हे चित्रकाराने ठरवलेलंच नाही असा अर्थ होतो. पहिल्या आलेल्या व्यक्तिचित्रात कदाचित एक डोळा आणि नाकाची कड एवढंच ठाम होतं आणि बाकीचा चेहरा तीन-चार सपकाऱ्यांत सुचवलेला होता. ते 'सोडलेलं' नसतं. जलरंगात तर कोरा कागद राखून ठेवणं हेच सगळ्यांत अवघड काम, कारण एकदा गेलेला पांढरा परत येत नाही.

अमूर्त चित्राला बक्षीस! 'असं तर माझा मुलगाही काढेल.'

काढेलही. मात्र सलग पाच चित्रं तशीच, त्याच ताकदीने काढेल का, ही एक साधी कसोटी आहे. दुसरी कसोटी: चित्रातला एखादा आकार बोटाने झाकून बघा. काहीच बिघडत नसेल तर तुमची शंका रास्त आहे. तोल जातोय असं वाटलं, तर तो आकार तिथे विचाराने आलेला आहे.

थोडी कबुलीही द्यायला हवी. जाणकारही चुकतात. 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसची नावेची एक कागदी कलाकृती 47 दिवस उलटी टांगलेली होती, आणि चूक दाखवून दिली ती एका प्रेक्षक बाईंनी. तेव्हा प्रश्न विचारत राहा. फक्त चित्रकारासमोर, त्याच्या आईवडिलांच्या देखत विचारू नका.

पारितोषिकांची नावं गोंधळात टाकतात. कशाचा अर्थ काय?

'सर्वोत्कृष्ट कलाकृती' सगळ्या माध्यमांतून एकच असते. त्याखाली तैलरंग, जलरंग, मुद्राचित्र, शिल्प, छायाचित्र अशा विभागांतले पहिले-दुसरे-तिसरे येतात. 'उत्तेजनार्थ' या शब्दाने अनेकांचा चेहरा पडतो, पण ते पारितोषिकच आहे. शंभरातल्या नव्वद कामांना तेही मिळत नाही. 'परीक्षकांची पसंती' हे एकट्या परीक्षकाने आपल्या मनाने दिलेलं असतं. तिघांच्या बेरजेत जे काम हरलं पण एकाला सोडवत नाही, त्यासाठी ही उत्तम सोय आहे.

'खरेदी-पारितोषिक' मात्र नीट समजून घ्या. यात मिळणारी रक्कम ही चित्राची किंमत असते आणि चित्र संस्थेच्या संग्रहात कायमचं जातं. ते द्यायची तयारी नसेल तर प्रवेशिकेतच 'विक्रीसाठी नाही' असं लिहा. निकालानंतर सांगून उपयोग नाही.

प्रेक्षक पसंती आणि परीक्षकांचा निकाल कधीच जुळत का नाही?

कधी कधी जुळतो, पण क्वचितच. परीक्षक सगळी कामं बघून तुलना करतात. प्रेक्षक आपल्याला भिडलेलं एक चित्र शोधतात: मांजर, पाऊस, म्हातारे हात. शिवाय प्रेक्षकांच्या मतपेटीत चित्रकाराचा मित्रपरिवारही असतो. तरी हे पारितोषिक असावंच. लोकांनी चिठ्ठी लिहायची म्हटलं की ते दालनातून दुसरी फेरी मारतात, आणि त्या दुसऱ्या फेरीतच खरं बघणं होतं.

फोटोवरून, वर्गात किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेलं काम चालतं का?

फोटो तुमचा स्वतःचा असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं. दुसऱ्याचा असेल तर लेखी परवानगी हवी. इंटरनेटवर सापडला म्हणजे तो सर्वांचा झाला, असं नसतं. वर्गात शिक्षकाच्या देखरेखीखाली झालेलं काम बरीच प्रदर्शनं घेत नाहीत. रचना कोणाची आणि शेवटचा हात कोणाचा हे सांगता येत नाही, म्हणून.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाद ताजा आहे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य जत्रेत डिजिटल कलेच्या विभागात मिडजर्नी ही कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रं बनवणारी प्रणाली वापरून केलेल्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. प्रवेशिकेत मिडजर्नीचा उल्लेख होता, पण ते काय प्रकरण आहे हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी बोरिस एल्डाग्सेन या जर्मन छायाचित्रकाराने सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं पारितोषिक नाकारलं आणि आपली प्रतिमा यंत्राने घडवलेली असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून अनेक नियमावल्यांत एक वेगळं कलम आलं. काय वापरलं ते प्रवेशिकेत सरळ लिहा. निकालानंतर उघड झालं तर पारितोषिक काढून घेतलं जातं, आणि पुढच्या वर्षी तुमच्या प्रामाणिक कामाकडेही लोक संशयाने बघतात.

कामाचा फोटो कसा काढावा?

चित्र काचेमागे घालण्याआधी काढा. ढगाळ दिवसाचा उजेड सगळ्यांत सोपा. घरात काढायचा असेल तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांत. फ्लॅश नको. कॅमेरा चित्राच्या मध्यावर, चित्राला समांतर, नाहीतर आयताचा पतंग होतो. भिंत, चौकट, टेबलाची कड कापून टाका. रंग उजळवायचा मोह आवरा, कारण प्रत्यक्ष काम त्यापुढे फिकं पडलं तर नुकसान तुमचंच. शिल्पाचे तीन बाजूंनी फोटो द्या आणि निदान एकात मापाचा अंदाज यावा.

निवड झाली, पण काम आणून दिल्यावर परत पाठवलं. हे चालतं का?

चालतं, आणि होतंही. सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे ओला तैलरंग. जाड थर वरून सुकलेला वाटतो, आत महिनोन्महिने मऊ असतो, आणि शेजारच्या चौकटीला लागला की दोन कामं खराब होतात. दुसरं कारण म्हणजे टांगायची सोय नसणं. मागे दोन्ही बाजूंना पक्क्या कड्या आणि मध्ये तार हवी, दोरा किंवा चिकटपट्टी नको. तिसरं: नोंदवलेलं माप चित्राचं, आणलेलं चौकटीसकट.

पेस्टलच्या कामाला काचेऐवजी अॅक्रिलिकचा पत्रा लावू नका. त्यावर स्थिर वीज साठते आणि ती रंगाची भुकटी ओढून घेते. मुद्राचित्रावर आवृत्तीचा क्रमांक हवा. 3/25 म्हणजे पंचवीस ठशांपैकी तिसरा.

माझं पारितोषिकप्राप्त चित्र कोपऱ्यात टांगलंय. मुद्दाम?

नाही. मांडणी निकालाच्या क्रमाने करत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तर ती निकालाआधीच झालेली असते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो. बाकी सगळा खेळ शेजाऱ्यांचा असतो. भडक लाल कॅनव्हासशेजारी हलकं जलरंग ठेवलं तर ते मरतं. कागदावरच्या कामांना मंद उजेड लागतो (संग्रहालयं साधारण 50 लक्सच्या आसपास ठेवतात), म्हणूनही ती खिडकीपासून लांब कोपऱ्यात जातात.

शेजाराचा सगळ्यांत प्रसिद्ध किस्सा 1832 चा. रॉयल अकादमीत टर्नर या इंग्लिश चित्रकाराचं राखाडी समुद्राचं चित्र कॉन्स्टेबल या दुसऱ्या चित्रकाराच्या झळाळत्या वॉटर्लू पुलाच्या चित्राशेजारी आलं. टर्नर आला, दोन्हींकडे बघितलं, आपल्या समुद्रावर नाण्याएवढा एक लाल ठिपका ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. नंतर येऊन त्याने त्या ठिपक्याचा तरंगता बोया केला. 'तो इथे येऊन बंदूक झाडून गेला,' असं कॉन्स्टेबल म्हणाल्याचं सांगतात. आता मांडणी झाल्यावर चित्राला ब्रश लावू देत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

निकाल मान्य नसेल तर?

परीक्षकांच्या आवडीवर दाद मागता येत नाही. नियम मोडला असेल, म्हणजे माप, माध्यम, नक्कल, हितसंबंध, तर मागता येते आणि मागावी. लेखी, मुदतीत, पुराव्यासह. पारितोषिक नाकारण्याचा हक्क तर कायम आहेच. अमृता शेरगिलने 1935 मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेचं पारितोषिक परत केलं, कारण एका चित्राला बक्षीस देताना तिची इतर चित्रं नाकारली होती. दोन वर्षांनी, 1937 मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक मिळालं, आणि ते तिने घेतलं.

मग परीक्षकच नकोत! सगळ्यांची कामं लावली तर?

1917 मध्ये न्यूयॉर्कला नेमका हाच प्रयोग झाला. सहा डॉलर भरा, काम लावा. परीक्षक नाहीत, पारितोषिकं नाहीत. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने टोपणनावाने सही केलेलं एक मूत्रपात्र (मुतारीतलं भांडं) पाठवलं आणि 'कोणालाही नकार नाही' म्हणणाऱ्या त्याच मंडळींनी ते लावायला नकार दिला. निवड कुठून तरी येतेच. ती उघड निकषांनी व्हावी, एवढंच आपल्या हातात असतं.

नाकारलेलं काम दुसरीकडे पाठवू का?

जरूर. परीक्षक बदलला की निकाल बदलतो. त्याच प्रदर्शनात मात्र पुन्हा तेच काम सहसा चालत नाही. पाठवण्याआधी त्या वर्षीचे परीक्षक स्वतः काय काम करतात ते बघून घ्या. त्यांच्यासारखं काढण्यासाठी नव्हे, तर आपल्या तीन चित्रांतलं कोणतं पाठवायचं ते ठरवण्यासाठी.

बक्षीस मिळालं. आता किंमत वाढवू का?

चालू प्रदर्शनात नाही. लेबलवर छापली ती किंमत पक्की. पुढच्या कामांची थोडी वाढवा, तीही टिकवता येईल एवढीच. वाढवलेली किंमत खाली आणणं फार जड जातं. विक्रीतला संस्थेचा वाटा आधी वाचून घ्या.

चित्र विकलं म्हणजे त्याचे हक्कही गेले का?

नाहीत. घेणाऱ्याला वस्तू मिळते. छपाईचे, कॅलेंडरचे, प्रतींचे हक्क लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडेच राहतात. प्रसिद्धीपुरता फोटो वापरायची परवानगी प्रवेशिकेत असते. ती किती काळासाठी आणि कशासाठी आहे ते वाचा.

परिचयपत्रात काय लिहू?

वर्ष, पारितोषिकाचं नेमकं नाव, प्रदर्शन, संस्था, जागा. परीक्षकाचं नाव लिहिलं तर उत्तम. 'उत्तेजनार्थ'चं 'पुरस्कारविजेते' करू नका, विचारणारे विचारतात.

काम परत नेताना काय बघावं?

दालनातच उघडून बघा: काच, कोपरे, मागची तार. काही तुटलं असेल तर पोच देण्याआधी लिहून घ्या, नंतर विम्याचा दावा अवघड होतो. पुढच्या काचेवरचा पारितोषिकाचा कागद काढा, पण पाठीवर चिकटवलेली नोंदीची चिठ्ठी राहू द्या. काम कुठे लागलं होतं याचा तोच पुढे पुरावा ठरतो. ती पडलीच, तर चौकटीच्या लाकडावर मऊ पेन्सिलीने वर्ष आणि प्रदर्शनाचं नाव लिहून टाका. कागदाच्या मागे शाईच्या पेनाने लिहू नका, ती पुढे झिरपते.